पुढे ओढलेला आकडा

फोन वाजला तेव्हा बन्सीलालचे दोन्ही हात पिठात होते. परातीत तिसरी भाकरी अर्धी थापून झाली होती, तवा तापला होता. करंगळी तेवढी कोरडी होती. करंगळीनंच त्यानं फोनचं बटण दाबलं आणि फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला.

"काका, हर्षदा बोलते. होमिओपॅथीच्या दवाखान्यातून. फॉर्म भरून घेते ती. ओळखलं ना?"

"हो. बोला."

"रंजनामावशी केम छे? कशा आहेत?"

"बरी आहे," बन्सीलाल म्हणाला.

"सरस! मला खात्रीच होती. आमच्या अख्ख्या यादीत मावशींना सगळ्यात जास्त फरक पडलाय, काका. पाचावरून एकावर. रविवारी सकाळी दहाला कार्यक्रम आहे, तिथंच उधन्यात, समाजाच्या वाडीत, हॉलमध्ये. बाहेरगावचे डॉक्टर येणार आहेत. पाच पेशंटना शाल देणार, त्यात मावशी पहिल्या. दोन शब्द बोलायचे फक्त. आधी कसं होतं, आता कसं आहे. घेऊन याल ना?"

"हो, येऊ," तो म्हणाला.

रंजना जाऊन आठ महिने झाले होते.

तवा नुसताच धुपत होता. परातीतली भाकरी कडेनं चिरत चालली होती आणि बोटांवरचं पीठ वाळून कातडी ओढली जात होती. आधी त्याला वाटलं, आपण बोललोच नाही, मनात म्हणालो. मग ऐकू आलं की बोललो. आठ महिन्यांत त्यानं गल्लीत, गावाकडं, दहाव्याला, तेराव्याला, रेशनच्या दुकानात, कितीतरी जणांना सांगितलं होतं, बायको गेली. तिथं जीभ अडखळली नव्हती. पण त्या पोरीनं त्या आवाजात विचारलं की उत्तर ठरलेलं होतं. दहा महिने, महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, त्यानं हेच उत्तर दिलं होतं, आणि जिभेला कोणी सांगितलंच नव्हतं की आता थांब. भीती त्याला आधी कानात वाटली. तीस वर्षं त्यानं मिलच्या संचा खात्यात, यंत्रमागांवर काढली होती, तिथं बाजूच्या माणसाशीही खुणेनं बोलावं लागे. काम सुटलं तरी कानातली खडखड वर्षभर सुटली नव्हती. मग सुटली. रंजना गेल्यावर पुन्हा अधूनमधून यायला लागली, आणि आता ती आली, लांबून, एकामागून एक संचे चालू करत यावं तशी. त्यानं गॅस बंद केला आणि तसाच पिठाच्या हातानं मोरीच्या उंबऱ्यावर बसला. येऊ, म्हणालो. कोणाला घेऊन येऊ?

त्या दवाखान्यात ते पहिल्यांदा गेले ते रंजनाच्या हातांसाठी. सांध्यांचं दुखणं तिला मुलाच्या, लखनच्या जन्मापासूनचं, पण पन्नाशीनंतर बोटं सकाळी उघडेनात. उठली की दोन्ही हात मांडीवर घेऊन बसे, कोणाचं तरी तान्हं मूल सांभाळायला दिल्यासारखी, आणि ते जागे व्हायची वाट बघे. दवाखाना एका ट्रस्टचा, वरच्या मजल्यावर, स्वच्छ. डॉक्टर अर्धा अर्धा तास बोलायचे, झोप कशी लागते, तहान लागते का, राग येतो का, थंड पाणी चालतं का. रंजनाला आयुष्यात इतके प्रश्न कोणी विचारले नव्हते. बाहेर येऊन ती म्हणाली होती, "माणूस चांगला शे. यानी गोळी लागू पडी." डॉक्टर तिला मनापासून आवडले होते. तिथंच बाहेरच्या टेबलावर हर्षदा बसे. बँकेतल्या साहेबाची मुलगी, घरी मराठी, बाहेर गुजराती, बोलताना दोन्हींत. तिनं सांगितलं, इथं अभ्यास चाललाय, जुन्या दुखण्याच्या पेशंटला या औषधानं किती फरक पडतो ते पेशंटच्याच तोंडून लिहून घ्यायचं. डॉक्टरचं मत नाही, मशीनचा रिपोर्ट नाही. पेशंट सांगेल तेच खरं. तुम्हाला सगळ्यात जास्त छळतात ते दोन त्रास सांगा, आणि त्या त्रासापायी अडलेलं एक काम सांगा. मग दर महिन्याला त्याला आकडा द्यायचा. शून्य म्हणजे काही त्रास नाही. सहा म्हणजे याहून वाईट असूच शकत नाही. रंजनानं त्याच्याकडं बघितलं होतं. परक्या ठिकाणी ती काही विचारलं की त्याच्याकडं बघे. मग म्हणाली, "सकाळची बोटं. आणि गुडघे." अडलेलं काम? यावर ती खाली बघून, काही चोरी कबूल करावी तशी म्हणाली, "भाकरी."

पहिला आकडा खरा होता. पाच. सहा म्हणायला ती तयार नव्हती, सहा म्हटलं की देव पुढचं दाखवतो म्हणाली. तिचा अंगठा कागदावर उमटवायचा तर तो वळत नव्हता. बन्सीलालनं तो आपल्या मुठीत धरून शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. पुढे दरवेळी तसंच. आता विचार केला तर त्या सगळ्या कागदांवर ठसा तिचा होता आणि जोर त्याचा.

तिसऱ्या महिन्यापासून आकडा उतरला. का उतरला, हे तो दुसऱ्या कोणाला सांगू शकला असता की नाही, कोण जाणे. त्यांच्याकडची रीतच तशी. ज्याच्या हातचं औषध घ्यायचं त्याला तोंडावर "फरक नाही" म्हणायचं नाही. म्हटलं की त्याच्या हाताचा गुण जातो, आणि आपला एकट्याचा नाही, रांगेत मागं बसलेल्या सगळ्यांचा जातो. बाकावर बसलेल्या साऱ्या बायका हेच करायच्या. आत जाताना कण्हत, गुडघा धरून, आणि टेबलापाशी पोचल्या की "बरं शे ना बेन, खूप बरं शे." हर्षदा खुशीनं लिहून घ्यायची. एकदोनदा तिनं विचारलं, "काका, खरं सांगा हं, जे असेल ते. मला चांगलंच हवंय असं काही नाही." एकदा तर तिनं रंजनाची बोटं हातात घेऊन बराच वेळ बघितली होती. बन्सीलाल तेव्हा म्हणाला होता, "सूज दिसते, पण दुखणं उतरलंय. दोन लिहा." आणि त्याला तेव्हा आपलं काम आठवलं होतं. उभ्यानं काम होईनासं झाल्यावर संच्यावरून काढून शेठनं त्याला कापड तपासायला बसवलं होतं. काचेचं टेबल, खाली ट्यूबलाइट, वरून कापडाचा ताका ओढायचा, तुटला धागा, तेलाचा डाग, गाठ दिसली की कडेला लाल खडूची खूण. जितक्या खुणा कमी, तितका ताका चांगला. महिन्याच्या शेवटी मास्तर मागं येऊन उभा राहायचा, "बन्सी, एवढं काय बघतो रे, नेसणारीला दिसतंय थोडंच," आणि बन्सीलालचा खडू आपोआप हलका व्हायचा. असे किती ताके त्यानं पुढं सोडले. कोणी मेलं नाही त्यानं.

आणि भाकरीचं तर त्यानं खोटंही सांगितलं नव्हतं, असं त्याला तेव्हा वाटत होतं. हर्षदा विचारायची, घरात भाकरी होते का? होते. रोज होते का? रोज. ती होत होती, कारण तो करत होता. एका सकाळी रंजना पीठ मळता मळता रडायला लागली, तेव्हा त्यानं तिला बाजूला बसवलं आणि स्वतः हात घातला. पहिले पंधरा दिवस नकाशे झाले. ती जवळ बसून सांगे, पाणी थोडं, बोटं मोकळी सोडा, मारू नका तिला, थापा. मग यायला लागली. दार लावून करायचा तो. "लखनना बाप, कोनले सांगानं नही," ती म्हणाली होती. बायको धडधाकट बसलेली आणि माणूस भाकरी थापतो, गल्लीत काय तोंड दाखवायचं. म्हणून भाकरीचा आकडा पाचाचा तीन झाला, तिनाचा एक. तेच काम आता आठ महिने तो उघड्या दारानं करत होता, आणि कोणी हसत नव्हतं.

यातलं काहीच इतकं भिण्यासारखं नव्हतं. भिण्यासारखी होती ती पांढरी गोळी. मेडिकलवाल्यानं दिली होती, चिठ्ठीशिवाय. घेतली की तासाभरात बोटं उघडत. रंजना त्या दिवशी लहान मुलीसारखी मुठी उघडून मिटून दाखवत होती. आधी आठवड्यात दोनदा, मग रोज एक, मग सकाळ संध्याकाळ दोन दोन. आणणारा बन्सीलालच होता, दुसरं कोण? होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोड गोळ्या ती जिभेवर ठेवायची, डोळे मिटून, नियमानं. पांढरी नंतर, पाण्याबरोबर, कोणी नसताना. फॉर्मवर खाली एक ओळ होती. याशिवाय दुसरं औषध घेता का? पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी सांगितलं होतं, दुसरं काही घेत असाल तर लपवू नका. पण रंजनाला वाटलं, सांगितलं तर रागावतील, नाव काढून टाकतील. तिनं त्याच्याकडं बघितलं. त्यानं सांगितलं, नाही. दहा वेळा नाही. तिच्या अंगठ्यानं.

मार्चमध्ये तिचे पाय भरले. चैत्रात लघवी कमी झाली, जेवण नको झालं, आणि तोंडाला लोखंडाची चव येते म्हणायला लागली. सरकारी दवाखान्यात नेली तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरनं कागद बघून विचारलं, "काका, दर्दनी गोळी लेता हता? बहुत दिवससे?" रंजना खाटेवर होती, जागी. तिनं मान वळवून बन्सीलालकडं बघितलं, त्या टेबलापाशी बघायची तशीच. आणि तो म्हणाला, "नाही." शर्टाच्या खिशात त्या वेळी पांढऱ्या गोळ्यांचा चंदेरी पत्ता होता, अर्धा भरलेला. तो का नाही म्हणाला? त्याला भीती वाटली की पोलीस बोलावतील. मग वाटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी तिला वेगळ्या खोलीत नेलं आणि सांगायचं राहिलं. नवव्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "आते माले घर लई चाला," आणि दुपारी गेली. आखाजीच्या सणाला पंधरा दिवस होते. लखन अजून म्हणतो, दवाखान्यातल्यांनी मारली तिला. गल्लीही तेच म्हणते. बन्सीलाल तेव्हा मान हलवतो. त्या तरुण डॉक्टरला पहिल्याच दिवशी खरं कळलं असतं तर काही झालं असतं का, हे तो कोणाला विचारणार? विचारायचं तर आधी सांगावं लागेल.

"भाऊ, भाकरी थापी ऱ्हायनात का?"

तो दचकला. दारात उषाबाई उभी होती, चौथ्या खोलीतली. हातात झाकलेली वाटी. नवरा तिचा रंगाच्या मिलमध्ये, दोन लेकी लग्न होऊन बारडोलीकडं. बन्सीलाल मोरीच्या उंबऱ्यावरून उठला, हात धुवायला लागला. वाळलेलं पीठ निघेना.

"वांगानं भरीत शे. तुमना हातनी भाकरी संगे खाऊन टाका," ती आत येऊन बसत म्हणाली. "रंजना सांगे, मन्हापेक्षा यासनी भाकरी गोल व्हस. आमना घरमा पाहा, चहा बी मनाच हातना लागस राजाले."

"तिनी तुम्हले सांगं व्हतं?"

"काय?"

"भाकरीनं."

"मंग! बायास्ना पोटमा काय ऱ्हास का भाऊ?" ती हसली. मग हसू आवरून पदरात बांधलेली गाठ सोडली आणि गोळ्यांचा रिकामा पत्ता त्याच्यापुढं धरला. "हाऊ पत्ता तिनीच दियेल. धवळी गोळी. दिवाळीपासून मी रोज दोन लेस. आते आपला मेडिकलवाला सांगस, चिठ्ठी आन. तुम्ही कोठून आनेत तिले?"

त्यानं पत्ता हातात घेतला नाही. "काबर लेतस ती? दवाखानानी गोळी शे ना."

"ती बी लेस. ती जीवले बरी. हात चालस तो हाई धवळीवर."

"दवाखानामा सांगं का त्यास्ले?"

"तुम्हीन सांगं व्हतं का?" उषाबाई म्हणाली, काही मनात न ठेवता, गमतीनं. आणि उठायला म्हणून तिनं चपलेतून काढलेला पाय पुढं घेतला, तेव्हा बन्सीलालला तिच्या पायावर चपलेच्या पट्ट्याचा वळ दिसला. येऊन बसून तिला चांगला वेळ झाला होता. वळ तसाच होता, खोल, ओल्या मातीत दोरी दाबावी तसा. कडेची कातडी फुगून चकाकत होती. मार्चच्या सुरुवातीला याच जागी, याच फरशीवर, रंजनाच्या पायावर त्यानं असाच वळ बघितला होता आणि म्हणाला होता, "नवी चप्पल घट्ट शे तुले."

"पाय सुजेल शेतस तुमना," तो म्हणाला.

"चप्पल घट्ट शे," उषाबाई म्हणाली आणि गेली.

भरिताची वाटी संध्याकाळपर्यंत तशीच राहिली. दिव्याच्या वेळेला कामरेजहून लखनचा रोजचा फोन आला. जेवलात का, थंडी पडली का, रविवारी येऊ का पोरांना घेऊन, हिरव्या ज्वारीचा पोंक आणतो. रविवार म्हटल्यावर बन्सीलालनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "या रविवारे नको," तो म्हणाला, "काम शे." कसलं काम, लखननं विचारलं. लखनचा आवाज रंजनासारखा होता, शेवटचा शब्द वर उचलणारा. या पोराला एक दिवस सांगावं लागेल की तुझ्या आईच्या गोळ्या मी आणत होतो आणि विचारल्यावर नाही म्हणालो. मग हा आवाज रोज दिव्याच्या वेळेला येईल का? बन्सीलालला एकदम दिसलं की त्याला खरी भीती याची होती. पोलिसांची नव्हे, देवाची नव्हे. हा फोन यायचा बंद होईल याची. "बाबा?" लखन म्हणाला. "ऐकी ऱ्हायनू," तो म्हणाला. मग त्याच्या डोळ्यांपुढं तो वळ आला, आणि उषाबाईच्या बारडोलीकडच्या त्या दोन लेकी आल्या, ज्यांची नावं त्याला धड ठाऊक नव्हती.

गुरुवारी सकाळी तो दवाखान्यात गेला. अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून. जिना चढताना दोनदा थांबला. वर बाकावर बायका बसल्या होत्या, त्यात उषाबाईही होती. तिनं मान हलवून हसून जागा केली. तो बसला नाही, सरळ टेबलापाशी गेला.

"अरे काका! आज कसे? मावशी नाही आल्या?" हर्षदानं खुर्ची पुढं केली. "बरं झालं आलात. बघा, तुम्हाला दाखवते. रविवारी पडद्यावर दाखवणार आहोत." तिनं कॉम्प्युटर त्याच्याकडं वळवला. पांढऱ्या पडद्यावर एक निळी रेघ होती. डाव्या बाजूला वर, मग पायरी पायरीनं खाली, आणि मग सरळ. "हे पाच. हा ऑगस्ट, चार. हे दोन. हा मार्च, एक. आणि मग बघा, एक, एक, एक. आतापर्यंत टिकून आहे. मोठे डॉक्टर म्हणाले, टिकलं हे महत्त्वाचं."

बन्सीलाल पुढं वाकला. खालचे महिने गुजरातीत लिहिले होते, पण मिलच्या पाट्या वाचून वाचून त्याला ते येत होते. एप्रिल. एप्रिलवर रेघ हलली नव्हती. मे. जून. जुलैत आकाशपाताळ एक करणारा पाऊस झाला, तेव्हाही ती तशीच सरळ. नोव्हेंबर. त्या रेघेवर रंजना बोटं उघडत मिटत, भाकरी थापत आठ महिने चालत आली होती. कानातले सगळे संचे एकदम चालू झाले.

"हे एप्रिलनंतरचं कोणी सांगितलं?" त्यानं विचारलं. आपला आवाज त्याला ऐकू आला नाही.

"तुम्ही आला नाहीत ना नंतर. फोन केले दोनदा, उचलला नाहीत. मग जे येत नाहीत त्यांचा शेवटचा आकडा पुढं ओढायचा, असं इथं ठरलंय. नाहीतर रेघ तुटते." ती त्याच्याकडं बघत होती. "केम काका, काय झालं?"

"ती एप्रिलमध्ये वारली."

हर्षदाचा हात माऊसवर तसाच राहिला. "पण परवा तुम्ही..."

"हो. म्हणालो." त्यानं टेबलाची कड धरली. "आणि त्याआधीही म्हणालो. भाकरी मी करत होतो. दोन नव्हतं, एक नव्हतं, पाचाखाली कधी आलंच नाही. ती दुखण्याची गोळी खायची, चार चार. मी आणून द्यायचो. किडनी गेली तिची. तुम्ही दर खेपेला विचारायचात, दुसरं औषध घेता का. मी नाही म्हणायचो." एवढं बोलून झाल्यावर त्याला वाटलं, आता काहीतरी होईल. छत पडेल, कोणी येऊन दंडाला धरेल. काहीच झालं नाही. आतल्या खोलीत डॉक्टर कोणाला तरी विचारत होते, तहान किती लागते.

हर्षदाचे डोळे भरले होते, पण ती घाबरलेलीही होती, ते त्याला दिसलं. घाबरलेलं माणूस त्याला आता लगेच ओळखू यायचं. "काका, रिपोर्ट गेलाय पुढं," ती हळू म्हणाली. "पत्रिका छापल्यात. बद्धं छपाई गयूं. मी सरांना सांगते. सांगते मी. पण ते विचारतील, लेखी काय आहे?"

"कोरा फॉर्म द्या."

"पेशंट नसताना फॉर्म..."

"द्या, बेन."

तिनं दिला. ती वाचत गेली, तो सांगत गेला. सकाळची बोटं, सहा. गुडघे, पाच. भाकरी. त्यावर तो थांबला. "सहा," तो म्हणाला. दुसरं औषध, तिनं सगळं लिहून घेतलं, किती, कधीपासून, कुठून. अंगठ्याची जागा आली तेव्हा तिनं शाईचा डबा पुढं केला आणि लगेच मागं घेतला, तुम्हाला सही येते ना म्हणाली. त्याला येत होती. पण त्यानं डबा ओढून घेतला आणि आपला अंगठा दाबला. या खेपेला धरायला कोणाचा हात नव्हता, त्यामुळं ठसा थोडा फिरला. हर्षदानं कागद टेबलाच्या खणात ठेवला. खण बंद झाल्याचा आवाज त्यानं ऐकला, आणि त्याला कळलं की हा कागद रविवारपर्यंत खणातच राहू शकतो. रविवारनंतरही.

तो वळला. बाकावरच्या बायका आपापल्या गुडघ्यांशी बोलत होत्या. किती ऐकलं त्यांनी, कळत नव्हतं. निघून जाता आलं असतं, जिना चार पावलांवर होता. तो उषाबाईच्या शेजारी जाऊन बसला.

"काय वो भाऊ, तुमना काय नंबर शे आज?" ती म्हणाली.

"उषाबाई," तो म्हणाला, "रंजना त्या गोळीखाल गयी."

"कोनती?"

"धवळी. मी आनी देत व्हतू. दवाखानामा इचारं तं मी नही सांगं. हाई दवाखानामा बी नही, त्या दवाखानामा बी नही." मोठ्यानं झालं असावं, कारण पलीकडची एक बाई बोलायची थांबली, मग दुसरी. औषध घ्यायच्या जागी मेलेल्याचं नाव काढत नाहीत. म्हणून तर या बाकावर आठ महिन्यांत कोणी रंजनाचं नाव काढलं नव्हतं. त्यानं मान खाली घातली. "तिना पायवर बी असाच वळ व्हता. मी सांगं, चप्पल घट्ट शे."

उषाबाईच्या तोंडावर राग आला, आणि तो कोणावर काढावा हे न कळून तसाच राहिला. आज संध्याकाळपर्यंत गल्लीभर होईल, बन्सीलालच्या मनात आलं, उद्या लखनपर्यंत. मग तिनं सावकाश उजवा पाय चपलेतून बाहेर काढला आणि फरशीवर ठेवला. दोघंही त्या वळाकडं बघत बसले. ती वाट बघत होती तो भरून यायची. तोही बघत होता, आणि अजून त्याला आशा होती. भरला असता तर तो सगळ्यांपुढं खोटा पडला असता, आणि त्याला ते चाललं असतं. आतून कोणीतरी बाई औषधाची पुडी घेऊन बाहेर आली, गेली. वळ तसाच होता.

"उषाबेन," हर्षदानं टेबलावरून नाव पुकारलं. तिचा आवाज बसलेला होता.

उषाबाई उठली. पदराची गाठ चाचपली, पत्ता तिथंच आहे का बघितला. दोन पावलं जाऊन ती थांबली आणि न वळता म्हणाली, "भाऊ, तुम्ही बी चाला. माले एकलीले खरं सांगता येनार नही."

तो उठला. टेबलापाशी ते दोघं उभे राहिले आणि हर्षदानं कोरा फॉर्म पुढं ओढला, पेन उचललं.

"कसं आहे, उषाबेन?" ती म्हणाली.

उषाबाईनं मान वळवून बन्सीलालकडं बघितलं.

त्यानं तोंड मिटून ठेवलं.

"पाच," उषाबाई म्हणाली. मग पत्ता काढायला पदराची गाठ सोडायला लागली, पण बोटं उघडत नव्हती.